थायरॉईडची गोळी परत मागवली, तर आपण काय करायचं?

(सामुदायिक रेडिओवर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मागच्या पंधरवड्यात एका बचत गटातून निरोप आला. गटातल्या कुणाच्या तरी फोनवर मेसेज फिरत होता की थायरॉईडची गोळी कंपनीनं परत मागवली आहे, कुणी खाऊ नका. गटात सहा जणींना थायरॉईड आहे. त्यातल्या दोघींनी त्याच दिवशी गोळी बंद केली, आणि त्या दोघींतली एक गरोदर आहे. निरोपात विचारलं होतं, हे खरं का, आणि बंद करायची तर किती दिवस?

तर सगळ्यात आधी हे ऐका, मग बाकीचं बोलू. परत मागवल्याची बातमी कानावर आली म्हणून थायरॉईडची गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही. आपल्या बाटलीचा नंबर बघायचा, मेडिकलवाल्याला आणि डॉक्टरांना विचारायचं, आणि बदली गोळी हातात घ्यायची. जिला दिवस गेलेत तिनं तर हे त्याच दिवशी करायचं, आठवड्याच्या बाजाराची वाट बघायची नाही.

आता मेसेज खरा की खोटा? त्यात थोडं खरं आहे, पण ते जुनं आहे. २०२३ साली आपल्या देशात असं झालं होतं. थायरोनॉर्म नावाची गोळी तुमच्यापैकी पुष्कळ जणींच्या घरात असेल. ती बनवणाऱ्या अ‍ॅबट कंपनीनं त्या गोळीची एक बॅच बाजारातून परत मागवली. औषधात विष नव्हतं की भेसळ नव्हती. लेबलची गल्लत झाली होती. बाटलीवर एका पॉवरचं लेबल आणि आत दुसऱ्या पॉवरची गोळी. २५ मायक्रोग्रॅम आणि ८८ मायक्रोग्रॅम या दोन पॉवरमध्ये ही अदलाबदल होती. ती बॅच मध्य प्रदेश आणि तेलंगणात गेली होती. दोन्ही राज्यं आपल्या सीमेला लागून आहेत. नांदेड-देगलूरकडची माणसं तेलंगणात कामाला जातात, मेळघाटातली माणसं बऱ्हाणपूर-खंडव्याला जातात, येताना औषध घेऊन येतात. त्यामुळं आपल्याकडं माल आला नव्हता म्हणून आपण सुटलो, असं म्हणून चालत नाही.

लेबल चुकलं एवढंच ना, असं वाटेल. पण थायरॉईडच्या गोळीत पॉवर हीच मुख्य गोष्ट आहे. ते कसं, ते सांगते.

गळ्याच्या पुढच्या बाजूला, घाटीच्या खाली, फुलपाखराच्या आकाराची एक ग्रंथी असते. तिच्यातून निघणारा रस शरीराचा वेग ठरवतो. चुलीतला जाळ पुढं-मागं करावा तसं. रस कमी पडला की सगळं मंद होतं. थकवा येतो, थंडी जास्त वाजते, खाल्लं नाही तरी वजन वाढतं, शौचाला साफ होत नाही, कातडी कोरडी पडते, केस गळतात, आवाज घोगरा होतो, पाळी अंगावरून जास्त जाते. रस जास्त झाला की उलट. छातीत धडधड, हातांना कंप, घाम, झोप न येणं, पातळ शौच, वजन उतरणं. ग्रंथी कमी काम करते तेव्हा तो रस गोळीतून द्यावा लागतो. त्या रसाचं नाव थायरॉक्सिन. गोळी कुठल्याही कंपनीची असो, आत हेच असतं.

आणि ते किती असतं? मायक्रोग्रॅममध्ये. मिलिग्रॅम तुम्हाला माहीत आहे, क्रोसिनची गोळी ५०० मिलिग्रॅमची असते. एका मिलिग्रॅमचे हजार भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक मायक्रोग्रॅम. तुमच्या गोळीत खरं औषध असतं ते मिठाच्या एखाद्या बारीक कणाएवढं. बाकीची गोळी म्हणजे हाताला लागावी म्हणून घातलेला भराव. इतक्या बारीक मापाचं औषध असल्यामुळं थोडा फरकही अंगाला कळतो. अमेरिकेत तर नियम आहे की थायरॉक्सिनच्या गोळीवर १०० लिहिलं असेल तर मुदत संपेपर्यंत आत ९५ ते १०५ एवढंच असलं पाहिजे.

आता २५ आणि ८८ चा हिशेब करा. वयस्कर बाई असेल, हृदयाचा त्रास असेल, तर डॉक्टर मुद्दाम २५ पासून सुरुवात करतात. तिच्या पोटात रोज ८८ गेले तर साडेतीन पट झाले. आठ-पंधरा दिवसांत धडधड सुरू होईल, नाडी अनियमित होऊ शकते, छातीत दुखू शकतं. फार दिवस असंच चाललं तर हाडंही ठिसूळ होतात. उलट बाजूनं बघा. पन्नास किलो वजनाच्या बाईची ग्रंथी जवळजवळ बंदच असेल तर तिला रोज साधारण ८० मायक्रोग्रॅम लागतात. तिला २५ मिळाले, तर ती गोळी घेत राहते आणि दिवसेंदिवस सुस्त होत जाते. घरातले म्हणतात, हिला कामाचा आळस आला. आपल्याकडं बाईच्या थकव्याला आजार समजायला वेळ लागतो, म्हणून ही दुसरी गोष्ट जास्त दिवस लपून राहते असं मला वाटतं.

औषध परत मागवण्याची कारणं दर वेळी लेबलाची नसतात. अमेरिकेत एक वेगळीच थायरॉईडची गोळी चालते, डुकराची थायरॉईड ग्रंथी वाळवून, भुकटी करून बनवलेली. (आपल्याकडं डॉक्टर जी लिहून देतात ती कारखान्यात रसायनातून बनवलेली असते. उपास-तापास, सोवळं-ओवळं पाळणाऱ्या मावश्यांनी निर्धास्त असावं.) २०१८ साली तिथल्या वेस्टमिन्स्टर नावाच्या कंपनीनं अशा गोळ्या परत मागवल्या, कारण कच्ची भुकटी चीनमधल्या ज्या कारखान्यातून आली होती तिथली तपासणी बरी निघाली नव्हती. मग २०२० च्या मे महिन्यात एसेला नावाच्या दुसऱ्या कंपनीनं गोळ्या परत मागवल्या, त्यात एक रस लेबलपेक्षा जास्त होता, ११५ टक्क्यांपर्यंत. त्याच कंपनीनं त्याच वर्षी सप्टेंबरात आणखी गोळ्या परत मागवल्या, आणि या वेळी औषध कमी होतं, ८७ टक्क्यांपर्यंत उतरलेलं. एकच कंपनी, एकच वर्ष, एकदा जास्त आणि एकदा कमी.

त्या २०१८ च्या प्रकरणात रोग्यांना जे सांगितलं गेलं ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. सांगितलं होतं की बदली औषध मिळेपर्यंत आहे ती गोळी चालू ठेवा, कारण औषधच न घेण्यात धोका जास्त आहे. अर्थात दर वेळी हाच सल्ला असेल असं नाही. पॉवरची मोठी गल्लत असेल, जशी आपल्याकडं झाली, तर ती बाटली न वापरता लगेच दुसरी आणायची. म्हणून तर म्हणते, परत का मागवलं ते विचारा. 'परत मागवलंय' एवढ्यावर थांबू नका.

मग आपली बाटली त्यातली आहे की नाही, हे कसं ओळखायचं? बॅच नंबरावरून. कारखान्यात एका वेळी जो घाणा निघतो त्या सगळ्या मालाला एकच नंबर देतात. पापडाच्या एका दिवसाच्या पिठाला आपण चिठ्ठी लावावी तसं. परत मागवतात ते त्या घाण्याचं औषध, त्या नावाची सगळी औषधं नाही. नावापुढं पॉवर छापलेली असते, २५, ५०, १०० असा आकडा आणि त्यापुढं एमसीजी अशी तीन इंग्रजी अक्षरं. बाजूला कुठंतरी बारीक अक्षरात बॅच नंबर, बनवल्याचा महिना, मुदत संपण्याचा महिना असतो. इंग्रजी वाचता येत नसेल तरी अडत नाही, अक्षराला अक्षर आणि आकड्याला आकडा जुळवायचा. पोरांना सांगा, नाहीतरी फोन त्यांच्याच हातात असतो. २०२३ च्या ऑगस्टपासून देशातल्या ३०० मोठ्या नावांच्या औषधांवर क्यूआर कोड छापायचा नियम झाला आहे. पैसे पाठवायला चहाच्या टपरीवर असतो तसाच चौकोन. तो फोननं टिपला की औषधाचं नाव, कंपनी, बॅच, मुदत सगळं मोठ्या अक्षरात दिसतं.

पण आपल्याकडं अडचण वेगळीच असते. बॅच नंबरच घरात नसतो. थायरॉईडची गोळी बऱ्याचदा शंभर-सव्वाशेच्या बाटलीत येते. एवढी बाटली एकदम घेणं जमत नाही, मग दोघी-तिघी मिळून घेतात. नाहीतर मेडिकलवाला बाटलीतून तीस मोजून कागदाच्या पुडीत देतो. पुडीवर ना नाव, ना पॉवर, ना बॅच. कुणी ती पुडी कुंकवाच्या जुन्या करंड्यात रिकामी करतं, कुणी सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्यांच्या डबीत. अशा वेळी उद्या एखादी बॅच परत मागवली, तर आपल्यापुरती ती बातमी आली काय आणि न आली काय.

औषध परत मागवलं की कंपनी ठोक विक्रेत्याला कळवते, ठोकवाला मेडिकलवाल्याला. तिथपर्यंत कागद असतात. मेडिकलच्या काउंटरपासून आपल्या घरापर्यंत मात्र काहीच कागद नसतो, कारण आपण बिल मागत नाही आणि तोही देत नाही. बिल मागणं म्हणजे भांडण नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच्या औषधाचं बिल देणं हे त्याचं काम आहे, आणि त्या बिलावर बॅच नंबर असतो. सुटी गोळी घेतलीत तरी बिल घ्या. तो म्हणाला, ताई पाच-दहा रुपयांच्या औषधाला कसलं बिल, तर म्हणा, भाऊ, नंबर लागतो मला. आणि बाटली वाटून घेणार असाल तर प्रत्येकीनं आपल्या डबीत एक चिठ्ठी टाकायची. त्यावर गोळीचं नाव, पॉवर, बॅच नंबर, मुदत, आणि बाटली उघडल्याची तारीख. ही शेवटची तारीख फार कामाची आहे. काही गडबड निघाली तर डॉक्टर पहिलं हेच विचारतील की किती दिवस घेतली. मूळ बाटली गटाच्या पेटीत ठेवा, फेकू नका.

वाटून घ्यायची तर सगळ्यांची पॉवर एकच आहे ना, हेही बघा बाई. 'थायरॉईडचीच आहे ना, मग घे माझ्यातली' हे आपल्याकडं सर्रास चालतं. एकीची ५० आणि दुसरीची १०० असेल तर कंपनीला चूक करायची गरजच नाही, ती आपण घरीच केली. तुकडे करूनही पॉवर जुळवत बसू नका. डॉक्टरांनी सांगितलं तरच अर्धी.

आता समजा, नंबर जुळला. आपली बाटली परत मागवलेल्या बॅचची निघाली. घाबरायचं नाही. थायरॉक्सिनचा एक गुण आपल्या बाजूनं आहे. ते शरीरात हळूहळू साठतं आणि हळूहळू उतरतं. आज घेतलेल्या गोळीतलं निम्मं औषध साधारण आठवड्यानंतरही अंगात असतं. त्यामुळं बदली गोळी आणायला एखादा दिवस गेला तर आभाळ कोसळत नाही. पण याच गुणामुळं फसगतही होते. गोळी सोडली तरी आठ दिवस बरं वाटतं, आणि बाईला वाटतं, मला गरजच नव्हती. महिन्या-दीड महिन्यानं अंग सुजल्यासारखं होतं तेव्हा कारण आठवत नाही.

बाटली घेऊन मेडिकलमध्ये जा. उरलेल्या गोळ्या त्याला दाखवा, परत द्या, बदलून घ्या. त्याच्याकडं नवी बाटली नसेल तर तालुक्याला जा, जनऔषधी केंद्रात विचारा. परत देण्याआधी बाटलीच्या लेबलाचा फोटो काढून ठेवा. गोळ्या विहिरीत, गटारात, उकिरड्यावर टाकू नका. कोंबड्या-बकऱ्या, लहान पोरं कशालाही तोंड लावतात.

मग डॉक्टरांना सांगा की अमुक तारखेपासून ही बाटली घेत होते. काही जणींना ते लगेच टीएसएच तपासायला सांगतील. नवी गोळी सुरू झाल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा तपासायला सांगतील. चार दिवसांत तपासून काही कळत नाही, रक्तातला आकडा स्थिर व्हायला तेवढा वेळ लागतोच. कंपनी बदलली असेल तरी तेच करा. एका कंपनीची ५० आणि दुसऱ्या कंपनीची ५० कागदावर सारखी असली तरी अंगाला कधी कधी थोडी वेगळी लागते.

दोन प्रकारच्या बायकांनी मात्र थांबायचं नाही. छातीत दुखतंय, धडधड थांबत नाही, दम लागतोय, चक्कर येते, आणि त्यातही वय साठीच्या पुढचं किंवा हृदयाचा आजार असेल, तर मेडिकल नाही, सरळ दवाखाना गाठायचा. आणि दुसरी, गरोदर बाई. पोटातल्या बाळाची स्वतःची थायरॉईड ग्रंथी पहिल्या तीन महिन्यांत काम करत नसते. तोवर त्याच्या मेंदूची वाढ आईच्या रसावर चालते. म्हणून दिवस गेल्यावर गोळी बंद तर करायचीच नाही, उलट बहुतेकींचा डोस वाढवावा लागतो. 'पोटुशीनं गोळ्या खाऊ नयेत' असं सांगणाऱ्या आजीबाई प्रत्येक गल्लीत आहेत. त्यांचं मन राखा, पण गोळी घ्या. दिवस राहिल्याचं कळलं की आशाताईंना थायरॉईडचं आधी सांगा.

गरोदरपणावरून आठवलं. लोहाची लाल गोळी आणि कॅल्शियमची गोळी थायरॉईडच्या गोळीबरोबर घेऊ नका. ती पोटातच थायरॉक्सिनला धरून ठेवते, अंगाला लागू देत नाही. मध्ये चार तास जाऊ द्या. पहाटे उठल्याबरोबर अनशापोटी थायरॉईडची गोळी साध्या पाण्याबरोबर घ्यायची, चहा अर्ध्या-पाऊण तासानं. लाल गोळी दुपारी जेवणानंतर, कॅल्शियम रात्री. मला माहीत आहे, पहाटे पाणी भरायचं असतं, धारा काढायच्या असतात, चहाशिवाय पाय हलत नाहीत. मग गोळी डोक्याशी ठेवा आणि अंथरुणातून उठतानाच घ्या. पाणी भरून येईपर्यंत चहाची वेळ झालेली असते.

आणखी एक. मघाशी औषध ८७ टक्क्यांपर्यंत उतरलं म्हणाले. थायरॉक्सिन मुळातच नाजूक औषध आहे. ऊन, उकाडा, ओल, उजेड यांनी त्याची ताकद जाते. कंपनीत चांगली निघालेली गोळी आपण पत्र्याच्या घरात खिडकीत ठेवली, चुलीवरच्या फळीवर ठेवली, मोरीजवळच्या कोनाड्यात ठेवली, तर मुदत संपायच्या आधीच ती कमजोर होते. अशा गोळीला कुणी परत मागवत नाही. मराठवाड्यात, विदर्भात, खानदेशात मे महिन्यात घरातला पत्रा तापतो तेव्हा बाटली घरातल्या सगळ्यात गार, कोरड्या, अंधाऱ्या जागी ठेवा. कपाटात कपड्यांच्या घडीखाली चालेल. माठाला चिकटून नको, तिथं ओल असते. झाकण घट्ट लावा, आणि बाटलीत आलेली दाण्यांची पुडी काढून टाकू नका. ती ओल शोषायलाच असते.

मेडिकलवाल्याला महिन्याची गोळी घेताना एक प्रश्न विचारायची सवय लावा, 'यातली कुठली बॅच परत मागवलीय का?' दर महिन्याला देशाचं औषध नियंत्रण खातं तपासणीत नापास झालेल्या औषधांची यादी बॅच नंबरासकट जाहीर करतं. ती यादी इंग्रजीत, संगणकावर असते, आपल्यापर्यंत कोण आणणार? पण दुकानदारानं ती बघायला हवी. दहा बायकांनी दहा वेळा विचारलं की तो बघायला लागेल. माझं तर म्हणणं आहे, परत मागवलेल्या औषधाचं नाव आणि नंबर त्यानं दुकानाबाहेर खडूनं लिहावं, जसं 'आज दूध मिळणार नाही' लिहितात तसं.

फोनवरच्या मेसेजचं काय करायचं, तेही सांगते. मेसेजमध्ये औषधाचं नाव, पॉवर, बॅच नंबर आणि तारीख या चारही गोष्टी आहेत का बघा. त्या निरोपातल्या मेसेजमध्ये एकही नव्हती. असा मेसेज पुढं पाठवू नका. आधी विचारा. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाचा फुकट फोन आहे, १८००-२२२-३६५. परत सांगते, १८००-२२२-३६५. औषध बदलल्यापासून काही त्रास होतोय असं वाटलं तर तो कळवायचा देशभराचा फुकट नंबर आहे, १८००-१८०-३०२४. कचेरीच्या वेळात लावा. फोन लावताना बाटली हातात असू द्या, बिल असलं तर तेही, आणि चष्मा लागत असेल तर लावून बसा. पलीकडचा माणूस पहिला प्रश्न बॅच नंबराचाच विचारणार.